नवरदेवाच्या कानात

बाळा, तीन रविवार मंडळीत तुमच्या लग्नाची सूचना वाचली गेली आणि कोणी हरकत घेतली नाही. आता हळदीच्या गडबडीत चार बायका तुझ्या होणाऱ्या बायकोला कोपऱ्यात घेतील आणि सांगतील: सांभाळून घे, सोसून घे, घर धरून राहा. नवरदेवाला मात्र सूट कुठे शिवला एवढंच विचारतात. एकनिष्ठेचा धडा बायकांनाच द्यायची आपल्याकडे रीत आहे. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात या बाबतीत बोट ठेवलं ते पुरुषाच्या नजरेवर. म्हणून हा कानमंत्र तुझ्यासाठी.

पहिली बातमी घरी सांग. पगार वाढला, साहेबांनी झापलं, रिपोर्टमध्ये काही निघालं, की पहिला फोन बायकोला. व्यभिचाराची सुरुवात अंथरुणात होत नाही. 'घरी कोणाला कळत नाही, म्हणून तुलाच सांगतो' इथे ती होते. ऑफिसात सोबत चहा घेणारी बाई भली असेल, पण बायकोचं गाऱ्हाणं तिच्यापाशी नको. अगदीच असह्य झालं तर पाळकसाहेबांकडे जा, आणि जाताना बायकोला बरोबर ने.

जो मेसेज नंतर पुसावासा वाटेल, तो पाठवूच नकोस. रात्री अकरानंतर परक्या बाईला 'जेवलीस का' विचारावंसं वाटलं, तर विषय जेवणाचा नाही हे ओळख. तुझ्या मोबाईलचा पासवर्ड बायकोला माहीत असू दे. तिच्या मोबाईलची झडती मात्र घेऊ नकोस. ती नर्स आहे. रात्रपाळीत डॉक्टरांशी, वॉर्डबॉयशी बोलणं हे तिचं काम आहे. पाळत ठेवणाऱ्या नवऱ्याला विश्वासू म्हणत नाहीत.

मोहाशी वाद घालत बसू नकोस, तिथून निघ. पोटीफरच्या बायकोने योसेफाचं वस्त्र धरलं, तेव्हा तो वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. त्यापायी त्याला तुरुंगही भोगावा लागला. दाविदाचं उलट झालं. सैन्य राब्बाला वेढा घालायला गेलं आणि राजा यरुशलेमेत मागे राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला बथशेबा दिसली. चौकशी केली, तर ती उरीयाची बायको असल्याचं कळलं. थांबायची जागा तीच होती. तो थांबला नाही, आणि प्रकरण उरीयाच्या खुनापर्यंत गेलं. तुझ्यापुरतं सांगायचं तर, टूरवरची पार्टी रंगायला लागली आणि मन चळतंय असं वाटलं की ऊठ आणि खोलीवर जा. मित्र हसतील. हसू देत.

अबोला रात्रभर चालू ठेवू नकोस. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा असं पौलाने इफिसकरांना लिहिलं. सगळी भांडणं एका दिवसात मिटत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. 'उद्या संध्याकाळी बसून बोलू' एवढं तरी म्हण, आणि उशी उचलून हॉलमध्ये जाऊ नकोस.

शरीरसुख हे बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार आहे असं पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात सातव्या अध्यायात म्हणतो, आणि लगेच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही तेवढाच अधिकार आहे असं सांगतो. आपल्या पुरुषांना पहिला अर्धा भाग तेवढा पाठ असतो. दूर राहायचं ते दोघांच्या संमतीने, थोडा काळ, प्रार्थनेसाठी, असंही तिथेच आहे. दूर राहायला संमती लागते, तर जवळ यायला लागणार नाही का? रात्रपाळी करून आलेल्या बायकोला आधी चहा करून दे. हक्क सांगू नकोस.

मतं जुळली नाहीत म्हणून लग्न मोडलं असं होत नाही. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या काळी 1866 चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलं तर कोर्टातून लग्नातून मोकळं होण्याची वाट त्यात होती. टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही धर्म न बदलता. बाप्तिस्मा त्यांनी पुढे 1900 मध्ये घेतला, स्वतःला पटल्यावर. तुमचं भांडण सोफ्याच्या रंगावरून होईल, तेव्हा हे आठव.

चोरून काढलेलं कर्ज हीसुद्धा बेइमानीच. त्यावर जास्त बोलत नाही.

आणि पाऊल घसरलंच तर झाकू नकोस, स्वतःहून सांग. पण 'शास्त्र क्षमा करायला सांगतं' हे वाक्य चूक करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. क्षमा द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तिच्याकडे. पूर्वी कायदाही नवऱ्याकडे झुकलेला होता: 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होई. बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. कायद्याने 2001 साली ही चूक सुधारली, घराघरांतली माणसं अजून सुधारताहेत. बायकोने मार खात राहावं, याला एकनिष्ठा म्हणत नाहीत, हेही लक्षात ठेव.

रोज झोपण्याआधी तिच्यासाठी प्रार्थना कर, तिला ऐकू येईल अशी, तिचं नाव घेऊन. दिवसभरात काही लपवलं असेल, तर तिच्या देखत ते नाव घेताना जीभ अडखळते. तिथे अडखळलास, तर आमेन म्हणण्याआधी तिला सांगून टाक.

त्या चार बायकांनी तिला काय सांगितलं ते विचारू नकोस. मी लिहिलेलं हे मात्र तिला वाचायला दे. तू कुठे चुकलास तर धरायला तिला सोपं जाईल.