बाप्तिस्म्यानंतरची वाढ
(वाचावयाचा भाग : मार्क ४:२६–२९)

पेरणी झाली म्हणजे सुगी झाली असे कोणी शेतकरी मानीत नाही. परंतु बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झाले असे आपण मानतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तथापि आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, हे त्यांस सुमारे आठ वर्षांनी उमगले, व त्यांनी ते उघड कबूल केले. पुढे इब्री व हेल्लेणी भाषा शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले.

आम्ही उपदेशक दुसऱ्यांस शिकवितो, पण स्वतःचे शेत पडीक ठेवितो, हे लज्जेने कबूल करतो. यास्तव रोज पहाटे कामापूर्वी शास्त्रवाचन व प्रार्थना करावी. ज्यास वाचता येत नाही त्याने एक वचन ऐकून दिवसभर मनात घोळवावे.

प्रश्न : बाप्तिस्म्यानंतर माझ्या अंतःकरणात काय वाढले?