भिजलेल्या वहाणा

प्रश्न : वडिलांच्या कोल्हापुरी वहाणा पावसात भिजल्या, उन्हात वाळवताच लाकडासारख्या झाल्या. पॉलिश चोपडावे काय?
— एक वाचक, भडगाव

उत्तर : त्या कामातून गेल्या, असे आपण समजू नये. बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले हे कातडे, ज्याच्या वहाणांस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले, ते पाण्यापेक्षा उन्हाच्या घाईनेच अधिक ताठरते. आणि पॉलिश पृष्ठभागास चकाकी देते, स्निग्धता नव्हे. ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, एरंडेलाचे चार थेंब बोटाने चोळावेत व रात्रभर मुरू द्यावेत. तेलात बुडवणे मात्र कटाक्षाने टाळावे. शिवणीची वादी सैलावते, धोतर डागाळते ते निराळेच. वादी तुटल्यास खिळा न मारता वादीच ओवून घ्यावी. गिरणाकाठच्या काळ्या चिखलाचे दिवस सरेपर्यंत त्या खुंटीलाच असू द्याव्यात.