कर्णशंखातील यंत्र : शस्त्रक्रियेपूर्वी

कर्णशंखातील बहुतेक केसपेशी नष्ट झाल्या, की साध्या श्रवणयंत्राचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी आत बसविलेली विद्युत्-तार श्रवणतंतूला थेट संदेश देते. १९७८ मध्ये मेलबर्नला डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी असे अनेक वाहिन्यांचे यंत्र रुग्णाला बसविले.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, कानामागील हाड कोरून करतात. चेहऱ्याचा मज्जातंतू जवळच असल्याने तेथे फार जपावे लागते. मेंदूच्या आवरणाचा दाह टाळण्यासाठी न्यूमोकॉकसची लस आधी टोचून घ्यावी. उरलीसुरली श्रवणशक्तीही जाऊ शकते, हे रुग्णाने समजून घ्यावे.

टाके भरले म्हणजे ऐकू आले, असे नव्हे. बाहेरचे यंत्र काही आठवड्यांनी सुरू होते. शब्द ओळखायला महिनोन्महिने सराव लागतो. जन्मतः बहिऱ्या बालकाला उशीर झाला, तर बोलणे शिकण्याचा मोलाचा काळच हातचा जातो.