वरळीचे बेडूक

चि. मुक्ता,

अग्निजन्य खडक, जीवाश्म, उभयचर आणि परासरण या चार व्याख्या तू चार धड्यांत वेगवेगळ्या पाठ करते आहेस. पाठ जरूर कर, पण त्यांना एकाच प्रश्नावर साक्षीला बोलावून बघ. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. मुंबईतले थर त्या उद्रेकांच्या अखेरच्या काळातले. तिथे वरळीला या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लाव्हाचा ताप हजार अंशांच्या वर. त्यात बेडूक कसा जगेल? म्हणजे खालचा थर पुरता निवला, खळग्यांत पाणी साठले, गाळ बसला, बेडूक नांदले आणि मग पुन्हा लाव्हा आला. ज्वालामुखीने मध्ये उसंत घेतली, हे आपल्याला बेडूक सांगतो. ते पाणी कसले होते? आज वरळीला समुद्र खेटून आहे, म्हणून खारे म्हणावेसे वाटेल. पण बेडकाची ओलसर त्वचा पाणी आरपार जाऊ देते. समुद्राच्या पाण्यात परासरणामुळे त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाईल. तेव्हा ते तळे गोड्या पाण्याचे असणार.

यावर तू म्हणशील, आग्नेय आशियातल्या खाजणांत मचूळ पाणी सोसणारा बेडूक आहेच की! आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच एका साक्षीवर निकाल द्यायचा नसतो. त्याच मुंबईच्या थरांत गोड्या पाण्यातल्या कासवाचेही अवशेष मिळाले आहेत. दोन वेगळे प्राणी एकच गोष्ट सांगू लागले की अपवादाचा आधार घेणे अवघड होते. दुसरा आक्षेप गुणांचा: परीक्षेत व्याख्याच विचारतात, मग एवढा खटाटोप कशाला? गुण व्याख्येने मिळतील, हे मी नाकारत नाही. पण वरळीचे पाणी गोडे की खारे, हे नुसत्या व्याख्येला ठरवता येत नाही. तिचा उपयोग कुठे होतो हे कळल्यावरच ती खरी तुझी होते, आणि मला तुझ्याकडून तेवढे हवे आहे.

घाटातल्या कातळात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो. तीही उसंतीच्या काळात झिजून झालेली मातीच का? तसे ठरवायला कोणकोणते पुरावे लागतील, ते मला लिहून पाठव.

तुझा,
मामा