विकींची अनुक्रमणिका आपोआप कशी करावी?

माझं गाव कारंजा लाड, जिल्हा वाशिम. तिथल्या जैन मंदिरांत जुन्या पोथ्यांची भांडारं आहेत. पोथ्या जपलेल्या होत्या, पण आत काय आहे हे बाहेरच्या अभ्यासकाला कळणार कसं? १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरला छापली गेली. तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांची नोंद होती. पुढे दहाव्या शतकातील कवी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' (१९३१) आणि 'णायकुमारचरिउ' (१९३३) हे अपभ्रंश ग्रंथ कारंज्याच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले.

आपल्या हॉस्टेलच्या सर्व्हरवर असंच एक भांडार आहे. अनेकांच्या टिडलीविकी तिथे पडून आहेत. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये बनवलेली ही विकी म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. ठेवायला सोपी, पण फाइलचं नाव 'नोट्स२' असेल तर ती उघडणार कोण? सिनिअर पास होऊन गेला की त्याच्या नोट्सही गेल्यातच जमा!

अपाचे सर्व्हर फोल्डरची यादी स्वतःच दाखवू शकतो, पण त्यात सहसा फाइलचं नाव असतं, आतलं शीर्षक नसतं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहावी. तिची कामं चार:

१. सगळ्या फोल्डरमधल्या एचटीएमएल फाइली शोधणे.
२. प्रत्येकीतला 'टायटल' टॅग आणि शेवटच्या बदलाची तारीख वाचणे.
३. नावांची अकारविल्हे यादी, लिंकसह, एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिणे.
४. यादी पूर्ण झाली की तीच 'इंडेक्स' फाइल म्हणून जागेवर ठेवणे. म्हणजे अर्धवट पान कुणाला दिसत नाही.

हे रोज रात्री क्रॉनला सांगून ठेवलं की झालं.

एक खबरदारी मात्र घ्यावी. ज्याला विकी खाजगी ठेवायची आहे, त्याचं फोल्डर यादीतून वगळावं. पण यादीत नाव नाही म्हणजे कुलूप लागलं असं नाही. पत्ता माहीत असलेला ती उघडू शकतो. त्यासाठी पासवर्डच हवा.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. बऱ्याच पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते: ग्रंथ कोणता, कोणी लिहिला, केव्हा. सूची करणाऱ्याला तिचाच आधार. आपल्या स्क्रिप्टला आधार टायटलचा. तिथे 'माय टिडलीविकी' असंच राहिलं, तर यादीत त्याच नावाच्या वीस ओळी येतील. तेव्हा आजच आपली विकी उघडा आणि शीर्षकात विषय, सेमिस्टर, वर्ष लिहा. बाकीचं काम मशीन करेल.