नोकरीची पूर्वतयारी आणि आत्ममूल्यमापन

पदवी हाती पडली की अर्ज लिहिण्यास सुरुवात होते. परंतु अर्जापूर्वी स्वतःचा अभ्यास फार थोडे जण करतात. मानसशास्त्र शिकवताना मी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतःविषयी दहा वाक्ये लिहावयास सांगतो. 'मी मेहनती आहे', 'मी प्रामाणिक आहे' अशीच वाक्ये बहुधा येतात. ही विशेषणे झाली, मूल्यमापन नव्हे. मुलाखत घेणारा लगेच विचारील, "कशावरून?"

म्हणून मी वहीत तीन रकाने आखावयास सांगतो. पहिल्यात त्या पदास आवश्यक गुण, दुसऱ्यात आपल्याजवळचा पुरावा, तिसऱ्यात उणीव आणि ती भरून काढण्याची मुदत. समजा, लिपिक-टंकलेखकाची जागा आहे आणि मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला 30 शब्द हवा आहे. 'टायपिंग येते' एवढ्याने भागत नाही. घड्याळ लावून वेग मोजावा, चुका मोजाव्यात आणि आकडा लिहावा. तो 22 असेल, तर 8 शब्दांचे काम उरले हे स्वच्छ कळते आणि मनातील भीतीही कमी होते.

मात्र आपली नजर अपुरी असते. जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली 'जोहारी खिडकी' मांडली. तिच्या चार कप्प्यांपैकी एक 'आंधळा' आहे. त्यातील गोष्टी इतरांना दिसतात, आपल्याला नाही. तेव्हा आपले पान एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला किंवा शिक्षकांना अवश्य दाखवावे.

नोकरी लागल्यावरही ही वही मिटू नये. सीमा रस्ते विभागातील अभियंता देव दत्त यांच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी 'अतिशय चांगला' हवा होता. शेरा त्यांना कळविलाच गेला नाही आणि बढती हुकली. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला. त्यामुळे शेऱ्यावर दाद मागता येते. पण दाद मागताना वर्षभराच्या कामाची नोंद हाताशी लागते, आणि ती ज्याची त्यानेच ठेवावयाची असते.

विद्यार्थी मित्रांनो, आपला हिशेब दुसऱ्याने मांडण्यापूर्वी आपण मांडावा. त्यासाठी एक वही आणि आठवड्यातील अर्धा तास पुरेसा आहे.