कामार्ग : पाणी, मीठ आणि रोहित पक्षी

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदी भूमध्य समुद्राला मिळण्यापूर्वी आर्ल शहराजवळ दुभंगते. तिच्या दोन फाट्यांमधला सपाट, पाणथळ त्रिभुज प्रदेश म्हणजे कामार्ग. मे महिन्यात आम्ही तेथे चार दिवस होतो. सकाळ-संध्याकाळ पक्षी पाहावेत आणि ऊन चढले की जुन्या वास्तूंच्या सावलीत जावे, एवढाच बेत. अशा संथ हिंडण्यातून एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. येथे निसर्ग कोठे संपतो आणि माणसाचे काम कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे.

पहिल्या सकाळी शेकाट्या दिसला, तोही चक्क भाताच्या खाचरात! 19 व्या शतकात नदीकाठी व समुद्राकाठी बांध घातले गेले. त्यामुळे पूर थांबला, पण जमिनीतले मीठ धुऊन नेणारे गोडे पाणीही अडले. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे भातशेती वाढली. नदीचे पाणी खाचरांत खेळवले की मीठ खाली दबते आणि पुढे गहू पिकवता येतो. शेकाट्याला, बगळ्यांना तेथे आयते खाद्य मिळते.

रोहित पक्ष्याची, म्हणजेच फ्लेमिंगोची, कथा याहून बोलकी आहे. तो चिखलाचे बुटके, शंकूसारखे घरटे करून त्यात एकच अंडे घालतो. त्यासाठी त्याला पाण्याने वेढलेले निवांत बेट लागते. 1960 च्या दशकात अशी बेटे झिजली आणि वीण वारंवार फसू लागली. तेव्हा 1970 साली फांगासिए येथील मिठागराच्या तळ्यात एक कृत्रिम बेट उभारण्यात आले. पक्ष्यांना विश्वास वाटावा म्हणून त्यावर मातीची खोटी घरटीही केली. 1974 साली थवा तेथे उतरला आणि पुढे अनेक वर्षे तेथेच पिले वाढली. या कामामागे तूर द्यु वाला हे संशोधन केंद्र होते. लुक हॉफमन यांनी ते 1954 साली स्थापन केले.

दुपारी आर्लचे रोमन रंगमंडल पाहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या वास्तूत सुमारे 20,000 प्रेक्षक बसत. मध्ययुगात तिच्या पोटात घरे उभी राहिली. 19 व्या शतकात ती हटवली गेली. आजही तेथे बैलांचे खेळ होतात.

पश्चिमेला एग-मोर्त. या नावाचा अर्थच ‘मृत पाणी’. नववा लुई राजा 1248 आणि 1270 साली येथूनच धर्मयुद्धांवर निघाला. तटाबाहेर आजही मिठागरे आहेत. फांगासिएकडील मीठ उत्पादन थांबले, तेथील पाण्याचे नियोजन बदलले, तेव्हा रोहितांनी आपली वसाहत या एग-मोर्तच्या मिठागरांत हलवली.

समुद्रकाठच्या सँत-मारी-द-ला-मेर गावात चर्चच्या तळघरात सारा हिची काळी मूर्ती आहे. दरवर्षी 24 मे रोजी रोमा लोक ती समुद्रापर्यंत मिरवत नेतात. ते तिला ‘सारा ला काली’ म्हणतात. ‘काली’ म्हणजे काळी. रोमानी भाषेत पाण्यालाही ‘पानी’च म्हणतात. या भाषेचे मूळ भारतात आहे, हे वाचले होते. तेथे त्याचा प्रत्यय आला.

याच गावात 1962 साली पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातून पुढे 1971 चा रामसर करार आकाराला आला. 2022 साली आपल्या ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्याचा एक धागा असा येथवर पोहोचतो.

आता कामार्गपुढे नवा पेच आहे. समुद्र वर चढतो आहे. बंद मिठागरांतील काही बांध दुरुस्त न करता पाणी आत येऊ द्यावे, असे एक मत. बांध राखावेत, नाहीतर शेते आणि गावे जातील, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु ‘निसर्गाला हात लावू नका’ हे सोपे उत्तर येथे चालत नाही. ज्या बेटावर रोहितांच्या पिढ्या वाढल्या, ते माणसाने बांधले होते. वारसा जपायचा म्हणजे तो कुलूपबंद ठेवायचा नव्हे, तर पाणी केव्हा अडवावे आणि केव्हा सोडावे याचे भान राखायचे. हे भान प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते.